चहाचे रोप कॅफीन कसे व का तयार करते

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यात चहाचा मळा नाही. परंतु ज्या घरात चहा होत नाही असे घरही येथे क्वचितच सापडेल. पहाटे चुलीवर अथवा शेगडीवर चढणारे पहिले भांडे पुष्कळदा चहाचेच असते. शेतावर न्याहारीबरोबर चहा जातो. पाहुण्यास पाण्यापाठोपाठ चहा विचारला जातो. पुणे शहराच्या पेठांतून तर चहाच्या दुकानांस ‘अमृततुल्य’ असेच नाव पडून गेले आहे. अशा दुकानात पितळी पातेल्यातून आले-वेलदोडा घालून उकळणारा चहा, शहरात सहलीस अथवा बाजारास आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो.

इतक्या परिचयाच्या वस्तूविषयी मुलांस फार थोडे ठाऊक असते. चहाची पूड वाण्याकडून येते, यापुढे त्यांची माहिती जात नाही. ती पूड कोणत्या झाडाची, झाडाच्या कोणत्या भागाची, चहा घेतल्यावर सुस्ती का जाते, आणि सुस्ती घालविणारे ते द्रव्य झाडाने मुळात तयार का केले, हे प्रश्न वर्गात बहुधा निघतच नाहीत. ते काढावेत व त्यांची उत्तरे शिक्षकांजवळ तयार असावीत, यासाठी हा पाठ दिला आहे. इयत्ता ६ वी ते ८ वीच्या सामान्य विज्ञानास तो जोडता येईल. लहान वर्गांसाठी त्यातील निरीक्षणाचा भाग तेवढा घ्यावा.

पाठाचे सूत्र

पाठाचे सूत्र एकच आहे व ते शेवटपर्यंत सुटू देऊ नये. चहातील तरतरी आणणारे द्रव्य, म्हणजे कॅफीन, हे झाडाने आपल्या उपयोगासाठी निर्माण केलेले नाही. ते झाडाच्याच कामाचे आहे. ते करताना झाड कोणतीही अपूर्व सामग्री आणत नाही. प्रत्येक जिवंत पेशीत, मग ती चहाची असो, ज्वारीची असो वा माणसाची असो, जी सामग्री असते तिच्यातच ते थोडासा फेर करते. सामग्री सर्वांची एक असल्यामुळेच झाडाच्या पानातील ते द्रव्य आपल्या मेंदूत जाऊन काम करू शकते.

चहाचे झाड

चहाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस असे आहे. हे सदाहरित झाड आहे. मोकळे वाढू दिल्यास ते चांगले उंच होते; मळ्यात मात्र वरचेवर छाटून ते कमरेइतके ठेवतात, म्हणजे पाने खुडणे सोपे जाते. चीनमध्ये त्याचा उपयोग फार प्राचीन काळापासून होता. आसामात ते रानातच वाढत होते. इ. स. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस याचे तिकडे लक्ष गेले, आणि पुढील दोन दशकांत तेथे मळ्यांची लागवड सुरू झाली.

आपल्याकडे चहा का होत नाही, हा प्रश्न मुले विचारतील. चहास आम्ल गुणाची जमीन लागते, वर्षभर हवेत ओल लागते, आणि पाऊस पुष्कळ असूनही मुळांशी पाणी साचता कामा नये. आपल्या पूर्वेकडील तालुक्यांतील काळी जमीन अल्कधर्मी, आणि पाऊसही थोडा. घाटमाथ्यावर पाऊस भरपूर पडतो खरा, परंतु तो चार महिन्यांत पडून जातो व पुढे दीर्घ काळ कोरडा जातो. म्हणून आपल्या कपातील चहा आसाम, बंगालचा उत्तर भाग, निलगिरी अशा प्रदेशांतून येतो.

चहाची खुडणी करताना ‘दोन पाने व एक कळी’ एवढाच कोवळा शेंडा घेतात. हा तपशील फळ्यावर लिहून ठेवावा. पुढे तो कामी येणार आहे. येथे कळी म्हणजे फुलाची कळी नव्हे, तर न उमललेले पान, हेही सांगावे.

कॅफीन म्हणजे काय?

शुद्ध कॅफीन हे पांढरे, वास नसलेले, कडू चवीचे द्रव्य आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलिब रुंगे याने इ. स. १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळे केले. इ. स. १८२७ मध्ये चहाच्या पानांतून असेच एक द्रव्य मिळाले व त्यास ‘थेइन’ हे नाव दिले गेले. ही दोन द्रव्ये निराळी नसून एकच आहेत, हे इ. स. १८३८ मध्ये दिसून आले. पुढे एमिल फिशर या शास्त्रज्ञाने इ. स. १८९५ मध्ये कॅफीन प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले. शर्करा व प्युरीन या वर्गांतील द्रव्यांवरील कार्याबद्दल त्यास इ. स. १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅफीन हे याच प्युरीन वर्गातील द्रव्य आहे.

वाळलेल्या चहाच्या पानात वजनाच्या साधारणतः २ ते ४ टक्के कॅफीन असते. कळीत व पहिल्या पानात ते सर्वांत अधिक, आणि पान जून होत जाईल तसे त्याचे प्रमाण उतरत जाते. म्हणजे मळ्यात जो कोवळा शेंडा खुडतात, त्यातच कॅफीनचा साठा मोठा असतो.

कॅफीन कसे तयार होते?

हा पाठाचा मुख्य भाग आहे. शिक्षकांनी तो प्रथम स्वतः नीट समजून घ्यावा, म्हणजे वर्गात नावांचा बाऊ होणार नाही.

प्रत्येक पेशीत अनुवंशिक माहिती जपणारी न्यूक्लिइक आम्ले असतात, तसेच शक्तीची देवघेव करणारे एटीपी हे द्रव्य असते. या दोहोंच्या रचनेत प्युरीनचा सांगाडा येतो. हा सांगाडा म्हणजे एक षट्कोन व एक पंचकोन, एका बाजूने एकमेकांस चिकटलेले. त्याच्या कोपऱ्यांवर एकंदर ९ अणू बसतात. पैकी ५ कार्बनचे व ४ नायट्रोजनचे. हा सांगाडा तयार करण्याची विद्या बहुतेक सर्व सजीवांस अवगत आहे. चहाचे वैशिष्ट्य त्यापुढील कामात आहे.

चहाचे कोवळे पान पेशीतील या प्युरीनांतून झँथोसीन नावाचे द्रव्य तयार करते. झँथोसीनमध्ये वर सांगितलेला सांगाडा असून त्याच्या एका नायट्रोजनास रायबोज ही शर्करा जोडलेली असते. त्यानंतरची कामे क्रमाने अशी होतात :

पहिली पायरी. सांगाड्याच्या पंचकोनातील मोकळ्या नायट्रोजनावर एक मिथिल गट बसतो. मिथिल गट म्हणजे एक कार्बन व त्यास जोडलेले तीन हायड्रोजन, एवढीच लहानशी वस्तू.

दुसरी पायरी. दुसऱ्या नायट्रोजनास जोडलेली शर्करा सुटून जाते.

तिसरी पायरी. षट्कोनातील एका नायट्रोजनावर दुसरा मिथिल गट बसतो. आता जे द्रव्य झाले त्यास थिओब्रोमिन म्हणतात. कोकोच्या बियांत मुख्यतः हेच द्रव्य असते.

चौथी पायरी. षट्कोनातील उरलेल्या नायट्रोजनावर तिसरा मिथिल गट बसतो आणि कॅफीन तयार होते.

ही कामे आपोआप होत नाहीत. प्रत्येक कामास विशिष्ट प्रथिन लागते. अशा प्रथिनास विकर अथवा एंझाइम म्हणतात. शेवटचे दोन मिथिल गट बसविणारे विकर चहात एकच आहे व त्यास कॅफीन सिंथेज असे नाव आहे. हे विकर तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते तो जनुक, मिसाको काटो, हिरोशी आशिहारा व त्यांचे सहकारी यांनी चहाच्या कोवळ्या पानांतून वेगळा केला आणि इ. स. २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. चीनमध्ये चहाच्याच कुळातील एक झाड आहे, त्याच्या पानांत थिओब्रोमिन पुष्कळ व कॅफीन जवळजवळ नाही. त्या झाडाचे काम तिसऱ्या पायरीवरच थांबते. शेवटची पायरी न चढल्यास काय होते, याचा हा निसर्गातील दाखला होय.

मिथिल गट आणतो कोण, हेही पाहण्याजोगे आहे. मेथिओनीन या प्रथिन-घटकास अॅडेनोसीन जोडले जाऊन एक वाहक तयार होतो. तोच आपला मिथिल गट देऊन टाकतो. देऊन झाल्यावर वाहकाचे तुकडे होतात आणि त्यांतील अॅडेनोसीन मोकळे होते. हे अॅडेनोसीनही प्युरीनच असल्यामुळे झाड त्याचाही कॅफीनसाठी उपयोग करते. गोणीतून धान्य यावे, ते कामी लागावे, आणि रिकाम्या गोणीचेही बसकर शिवावे, तशी ही काटकसर आहे. हा दृष्टान्त खेड्यातील मुलांस चटकन पटतो.

वर्गातील रचना

साहित्य : चिंचोके ८, हरभरे ४, मूग २, ज्वारीचे दाणे १०, गुळाचा एक खडा, खडू. यासाठी खर्च नाही व प्रयोगशाळेचीही गरज नाही.

जमिनीवर खडूने एक मोठा षट्कोन व त्यास एका बाजूने जोडलेला पंचकोन काढावा. चिंचोका म्हणजे कार्बन, हरभरा म्हणजे नायट्रोजन, मूग म्हणजे ऑक्सिजन व ज्वारी म्हणजे हायड्रोजन, असे ठरवावे. दोन्ही आकृत्यांच्या सामाईक बाजूच्या टोकांवर एकेक चिंचोका ठेवावा. षट्कोनाच्या उरलेल्या चार कोपऱ्यांवर क्रमाने हरभरा, चिंचोका, हरभरा, चिंचोका असे ठेवावे. या क्रमात पहिला हरभरा सामाईक बाजूच्या ज्या टोकाजवळ आला, त्यास ‘खालचे टोक’ म्हणावे. पंचकोनाच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांवर हरभरा, चिंचोका, हरभरा असे ठेवावे. सांगाडा तयार झाला. षट्कोनातील सामाईक नसलेल्या दोन चिंचोक्यांच्या बाहेर एकेक मूग ठेवावा.

पंचकोनात दोन हरभरे आहेत. त्यांपैकी खालच्या टोकाशेजारील हरभऱ्याजवळ गुळाचा खडा ठेवावा. ही झाली शर्करा. आता एकेका मुलास बोलावून पायऱ्या करवाव्यात. पहिल्याने पंचकोनातील दुसऱ्या हरभऱ्याबाहेर एक चिंचोका ठेवावा. दुसऱ्याने गूळ उचलावा. तिसऱ्याने षट्कोनातील खालच्या टोकाशेजारील हरभऱ्याबाहेर चिंचोका ठेवावा, आणि ‘थिओब्रोमिन’ हे नाव मोठ्याने म्हणावे. चौथ्याने षट्कोनातील राहिलेल्या हरभऱ्याबाहेर चिंचोका ठेवावा. शेवटी बाहेर ठेवलेल्या तिन्ही चिंचोक्यांभोवती तीन तीन ज्वारीचे दाणे ठेवावेत आणि उरलेला एक दाणा पंचकोनाच्या दोन हरभऱ्यांमधील चिंचोक्याबाहेर ठेवावा.

आता मुलांकडून मोजणी करवावी. चिंचोके ८, ज्वारी १०, हरभरे ४, मूग २. कॅफीनच्या एका रेणूत नेमके इतकेच अणू असतात. चार हरभऱ्यांपैकी एकच हरभरा रिकामा राहिला, तो गूळ जेथे होता तो. हे मुलांनी आपण होऊन ओळखले, तर पाठ साधला असे समजावे. गुळाचा खडा कोणास द्यावयाचा, हा निर्णय शिक्षकांनी सुज्ञपणे घ्यावा.

झाड हे द्रव्य का तयार करते?

कोवळे पान मऊ असते, त्यात प्रथिने भरपूर असतात, आणि अजून त्यास जून पानाचा चिवटपणा आलेला नसतो. अळीस ते सर्वांत प्रिय. झाडाच्या दृष्टीने मात्र पुढील सर्व वाढ त्याच शेंड्यावर अवलंबून असते. अशा ठिकाणी कडू व किडीस बाधक द्रव्य सर्वांत अधिक असावे, यात संगती आहे.

याविषयी प्रयोगही झाले आहेत. इ. स. १९८४ मध्ये जेम्स नॅथन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले की, चहाच्या पानांची पूड, कॉफीच्या बियांची पूड, अथवा नुसते कॅफीन खाद्यात मिसळल्यास अळ्यांचे खाणे मंदावते व प्रमाण वाढविल्यास त्या मरतात. इ. स. २००५ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी कॉफीचे जनुक तंबाखूच्या रोपात घालून त्या रोपास कॅफीन तयार करावयास लावले. तंबाखूची पाने खाणारी स्पोडोप्टेरा ही अळी अशा पानांपासून दूर राहू लागली. हीच अळी आपल्या शेतकऱ्यांस सोयाबीनवर भेटते, तेव्हा पालकसभेतही हे उदाहरण सांगण्यासारखे आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘झाडाने ठरविले’, ‘झाडास वाटले’ असे बोलणे सोपे असते, परंतु ते शास्त्रीय नव्हे. झाडास हेतू नसतो. ज्या झाडांच्या पानांत असे द्रव्य होते ती कमी खाल्ली गेली, टिकली आणि त्यांचे बी अधिक पसरले, एवढाच त्याचा अर्थ. हे एकदाच घडले असेही नाही. इ. स. २०१४ मध्ये कॉफीच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅफीन तयार करणारी विकरे कॉफीत व चहात वेगवेगळ्या मार्गांनी, स्वतंत्रपणे उदयास आली, असे त्यातून दिसले. आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे कॉफीची झाडे आहेत. कॉफी व चहा यांचे कूळ निराळे, परंतु दोघांनी शोधलेला उपाय एक.

हेच द्रव्य फुलात गेले की त्याचे काम पालटते. कॉफीच्या व लिंबूवर्गीय झाडांच्या मधुरसात अत्यल्प कॅफीन असते. इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, इतक्या अल्प कॅफीनामुळे मधमाश्यांस त्या फुलाचा वास अधिक काळ स्मरणात राहतो. म्हणजे पानात जे द्रव्य खाणाऱ्यास हाकलते, तेच फुलात पाहुण्यास पुन्हा बोलावते. मात्रा किती, यावर सर्व अवलंबून आहे.

कडुनिंबाची कडू पाने, मिरचीचा तिखटपणा, तंबाखूतील निकोटिन ही उदाहरणे मुलांकडूनच काढून घ्यावीत. प्रत्येकातील द्रव्य वेगळे, परंतु पळून जाता न येणाऱ्या झाडाने रसायनाने आपला बचाव करावा, ही रीत एकच.

तेच द्रव्य आपल्या शरीरात

आपण जागे असताना मेंदूत अॅडेनोसीन हळूहळू साचत जाते. ते ठराविक ग्राहकस्थानांवर जाऊन बसते व ‘आता विश्रांती हवी’ अशी सूचना देते. अॅडेनोसीन म्हणजे प्युरीनचा सांगाडा व त्यास जोडलेली शर्करा. कॅफीनही त्याच सांगाड्याचे. त्यामुळे ते अॅडेनोसीनच्या जागेवर जाऊन बसते, परंतु सूचना देत नाही. जागा अडल्यामुळे खरी सूचना पोहोचत नाही आणि आपणांस तरतरी वाटते. थकवा आहे तेथेच असतो. त्याचा निरोप तेवढा अडकून पडतो. प्रौढ माणसाच्या शरीरातील निम्मे कॅफीन जाण्यास साधारणतः पाच तास लागतात. रात्रीच्या चहाने झोप का उडते, याचे उत्तर यातच आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी इ. स. २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच उकळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते, असे दिले आहे. दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये, तसेच जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात सांगितले आहे. यांतील दुसऱ्या सूचनेचे कारण कॅफीन नसून चहातील टॅनिन वर्गातील द्रव्ये आहेत. ती अन्नातील लोहास धरून ठेवतात व ते अंगी लागू देत नाहीत.

ही गोष्ट आपल्या शाळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अनेक मुले सकाळी चहात भाकरी अथवा चपाती बुडवून खातात व शाळेत येतात. काही तर नुसत्या चहावर येतात. बाजरीच्या भाकरीत लोह चांगले असते. ती चहाबरोबर खाल्ल्याने त्या लोहाचा पुरा लाभ मिळत नाही. नुसता चहा घेऊन आलेले मूल पहिल्या तासास तरतरीत दिसते, परंतु त्याचे पोट रिकामेच असते. कॅफीन हे अन्न नव्हे. भाकरी दुधाशी, भाजीशी, वरणाशी अथवा चटणीशी खावी, सोबत लिंबाची फोड अथवा आवळा असल्यास अधिक चांगले, आणि चहा द्यावयाचाच तर तो मागाहून व थोडा द्यावा, इतके सांगणे पुरे आहे.

सांगताना घरच्या चालीचा उपहास होऊ नये. ज्या घरी दूध विकावे लागते, तेथे चहा हाच सकाळचा आधार असतो, हे शिक्षकांनी विसरू नये. भीती घालूनही उपयोग नाही. चहा म्हणजे विष, असे मुलास सांगितले, आणि घरी आजोबा नव्वदीतही चहा घेत असले, तर मूल शिक्षकांचे पुढील बोलणेही मानणार नाही. खरे तेवढेच व कारणासह सांगावे.

शंका-समाधान

कॅफीन कारखान्यात घालतात काय? नाही. ते पानातच तयार होते. कारखान्यात पाने सुकवितात, मळतात, हवेत ठेवून त्यांचा रंग पालटू देतात व वाळवितात.

चहा जितका काळा तितके कॅफीन अधिक काय? तसे म्हणता येत नाही. रंग टॅनिन वर्गातील द्रव्यांपासून येतो. कॅफीन स्वतः रंगहीन विरघळते. मात्र उकळत्या पाण्यात कॅफीन थंड पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक विरघळते, म्हणून उकळलेल्या चहात ते पुरेपूर उतरते.

हिरव्या चहात कॅफीन नसते काय? असते. झाड तेच, फक्त पानांचा रंग पालटू न देता ती वाळवितात.

गवती चहात कॅफीन असते काय? नाही. नाव चहाचे असले तरी ते गवत आहे. त्याचा सुगंध सिट्राल या द्रव्याचा. आले, तुळस, वेलदोडा यांतही कॅफीन नाही. परसातील गवती चहाची पात वर्गात आणून हा भेद अवश्य दाखवावा. नुसत्या गवती चहाच्या काढ्याने झोप उडत नाही, परंतु चहापूड घातलेल्या गवती चहाने उडू शकते, याचे कारण मुलांनी सांगावे.

कॅफीन असून चहास कीड लागत नाही काय? लागते. कोकणात काजूच्या मोहरावर जो ढेकण्या पडतो, त्याचाच एक भाऊबंद चहाच्या कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो. कोणताही बचाव सर्वांविरुद्ध पुरा पडत नाही.

उपक्रम

१. शाळेच्या आवारातील अथवा बांधावरील कोणत्याही तीन झाडांची दहा कोवळी व दहा जून पाने पाहून, किती पाने किडीने खाल्ली आहेत त्याची मुलांनी नोंद करावी. पाने तोडू नयेत, झाडावरच पाहावीत. कडुनिंब, आंबा व करंज ही झाडे घेतल्यास तुलना चांगली होते.

२. मुगाचे वीस वीस दाणे दोन ओल्या फडक्यांत ठेवावेत. एक फडके साध्या पाण्याने व दुसरे दूध-साखर न घातलेल्या, दाट व थंड केलेल्या चहाने भिजवावे. रोज किती दाण्यांस मोड आले ते तक्त्यात लिहावे. फळ काय येईल, ते शिक्षकांनी आधी सांगू नये. फरक दिसल्यास तो कॅफीनचाच असे म्हणता येईल काय, हा प्रश्न विचारावा. चहात कॅफीनखेरीज इतरही द्रव्ये असतात, म्हणून एवढ्या प्रयोगाने तसे सिद्ध होत नाही, हे मुलांच्या ध्यानी यावे. शास्त्राची शिस्त शिकविण्यास हा लहान प्रयोग पुरेसा आहे.

३. घरात दिवसातून किती वेळा व जेवणाच्या किती आगेमागे चहा होतो, याची एक आठवड्याची नोंद मोठ्या मुलांनी ठेवावी. ही नोंद वर्गात वाचून दाखवू नये; ती मुलांच्या व पालकांच्या विचारासाठी आहे.

उजळणीचे प्रश्न

१. ‘दोन पाने व एक कळी’ एवढाच शेंडा का खुडतात? त्यात कॅफीन अधिक का असते?
२. थिओब्रोमिनचे कॅफीन होण्यास कोणते एक काम व्हावे लागते?
३. पानातील व मधुरसातील कॅफीन यांच्या कार्यात कोणता फरक आहे?
४. चहाने थकवा जातो, हे विधान बरोबर आहे काय? कारण द्या.
५. चहा व भाकरी एकत्र का खाऊ नये? त्यास कारण होणारे द्रव्य कोणते?

यांपैकी चौथा प्रश्न तोंडी घ्यावा व उत्तर मुलांच्या स्वतःच्या शब्दांत येऊ द्यावे. पाठ झाल्यावर पुढील पालकसभेत मुलांकडूनच चिंचोके-हरभऱ्यांची रचना करवून दाखवावी. जे मूल आपल्या आईस षट्कोन-पंचकोन मांडून दाखवील, तेच मूल दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर भाजी मागेल, अशी आशा धरण्यास हरकत नाही.